डावी बाही

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. शाळेशी त्यांचं लहानपणीच बिनसलं होतं आणि पुन्हा कधी जुळलं नाही. हे कोट शिवणारे मास्तर. गळ्यात टेप, कानामागे खडू आणि ओठांत टाचण्या. टाचण्यांमुळे बोलणं बेताचं. त्यांच्या वाटचं सगळं बोलणं बायको उरकायची, म्हणून तिला सगळी गल्ली मास्तरीण म्हणायची. तिनं त्याचं कधी वाईट वाटून घेतलं नाही. शाळेचं तोंड न बघता मास्तरीण व्हायला नशीब लागतं, असं ती गिऱ्हाइकांनाच ऐकवायची.

दुकान दोघांपुरतंच, आणि घर दुकानाच्या पाठीला. पुढे कापड बेतायचं लांब टेबल, तिथे मास्तरांचं राज्य. मागे खिडकीशी मशिनं आणि तिची खुर्ची. बेतणं मास्तरांचं, मशिनवरची शिलाई मास्तरांची. अस्तर, काजं, बटणं, तुरपाई, हातानं करायचं ते सगळं तिचं. सुई टोचू नये म्हणून मधल्या बोटात घालायचं ते पत्र्याचं टोपण, अंगुस्तान, तिच्या बोटाला इतकं चिकटलं होतं की ते काढायचं विसरून ती बाजारात जायची आणि तशीच भाजी निवडायची.

त्या अंगुस्तानाला आणखी एक काम होतं. गिऱ्हाईक समोर उभं असताना मास्तरांनी माप चुकीचं वाचलं, की ती मशिनच्या पत्र्यावर बोट वाजवायची. टक टक. मास्तर मान वर न करता टेप पुन्हा लावायचे आणि आकडा सुधारून सांगायचे. गिऱ्हाइकाला वाटायचं, बाईंच्या बोटाला चाळा आहे. इतकं करून काही बिघडलंच आणि गिऱ्हाईक कोट परत घेऊन आलं, तर ती पुढे व्हायची. "माझ्याकडून झालं हो ते. यांनी बरोबर सांगितलं होतं, मीच धांदरट." मास्तर तेव्हा टेबलाखाली काहीतरी शोधत असायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि त्या दुकानात ही मूठ तिनंच आवळून धरली होती. नवऱ्याचा हात चुकतो हे गावाला कळू द्यायचं नाही, एवढा एकच धर्म तिनं मनापासून पाळला. दुसऱ्या कुठल्या बाबतीत ती इतकी सोशिक होती असं कुणी म्हणणार नाही. मास्तर तर नाहीच.

कोट तयार होत आला की मास्तर तो टेबलावर पालथा घालायचे, दोन्ही बाह्या पसरायचे, लांबी खडूनं मारायचे आणि दुमड मशिनवर शिवून टाकायचे. ही त्यांची जुनी पद्धत. एका दुपारी असाच झालेला एक कोट बटणांसाठी तिच्या मांडीवर आला आणि तिच्या लक्षात आलं, डावी बाही उजवीपेक्षा चांगली दोन बोटं आखूड आहे.

मास्तर जेवून आडवे झाले होते. तिनं बाही उसवली, दुमड सोडली आणि पुन्हा शिवली. मशिनच्या आवाजानं ते उठतील म्हणून हातानंच शिवली, बारीक टाक्यांनी. नंतरच्या कोटाची डावी बाही लांब आली. त्याच्या पुढच्या कोटाला डाव्या बाहीवर खडूची खूणच नव्हती, दुमड कशीतरी नागमोडी मारलेली. मग उजव्या खिशाला झाकण आणि डाव्याला नाही, असाही एक आला. ती उसवत गेली आणि शिवत गेली. डोळे अधू झाले असतील, वय कुणाला चुकलंय, असं तिनं स्वतःची समजूत घातली.

दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं, असं म्हणतात. हे मुंगीच्या पावलानं आलं, आणि आलं ते तिच्या डोळ्यांदेखत. मास्तर ताटातलं उजवीकडचं तेवढं खायचे आणि भूक राहिली म्हणून कुरकुरायचे. ती ताट फिरवून ठेवायची. दाढी एकाच गालाची करून आरशासमोरून उठायचे. "डाव्या गालावर रुसलात वाटतं?" असं ती म्हणायची. मास्तर हसून पुन्हा वस्तरा घ्यायचे. दाराच्या चौकटीला त्यांचा डावा खांदा रोज आपटायचा. तिनं त्या चौकटीला जुन्या अस्तराची गादी करून बांधली. डोकं वापरण्याऐवजी तिनं हात वापरला, कारण हात कसा वापरायचा ते तिला पक्कं माहीत होतं.

मग सकाळची डोकेदुखी सुरू झाली आणि उठल्या उठल्या उलटी व्हायला लागली, तेव्हा मात्र ती त्यांना कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. म्हातारे, सज्जन डॉक्टर. मास्तरांनी शिवलेलाच कोट घालून बसलेले. त्यांनी नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, गुडघ्यावर हातोडी मारली. मग समोर बसून दोन्ही हात पसरले आणि म्हणाले, "माझ्या नाकाकडे बघा. आता सांगा, कुठल्या हाताचं बोट हललं?"

उजवीकडचं हललं, मास्तरांनी बरोबर सांगितलं. डावीकडचं हललं, तेही जरा थांबून सांगितलं. मग दोन्ही बोटं एकदम हलली.

"उजवं," मास्तर म्हणाले.

ती मागच्या खुर्चीत बसली होती. अंगुस्तान अर्थातच बोटात होतं. तिचं बोट खुर्चीच्या लोखंडी हातावर पडलं. टक टक.

"दोन्ही," मास्तर लगेच म्हणाले.

"दोन्ही. ठीक," डॉक्टर म्हणाले. डोकेदुखीच्या गोळ्या लिहून दिल्या, चष्म्याचा नंबर तपासून घ्या म्हणाले आणि नवा कोट कधी शिवायला टाकू असं विचारलं. परत येताना तिला चक्क बरं वाटत होतं. वेळेवर सावरलं, चारचौघांत हसं होऊ दिलं नाही, याचा थोडा ताठाही होता तिच्या चालण्यात. तो ताठा तिला पुढे जितका जाळणार होता तितकं दुसरं काही जाळणार नव्हतं.

पुढचे काही महिने नव्या चष्म्यात गेले. मग एक दिवस मास्तर टेबलाशी उभे असताना त्यांचा डावा हात आपला आपण उडायला लागला. कात्री खाली पडली. हात उडत होता आणि मास्तर त्याच्याकडे बघतही नव्हते. मग तोंडाची डावी बाजू ओढली गेली आणि ते टेबलावरच्या कापडासकट खाली आले. शेजारच्या छापखानेवाल्यानं गाडी काढली म्हणून ती त्यांना मोठ्या रुग्णालयात नेऊ शकली.

तिथे आधी डोक्याचा सीटी स्कॅन झाला. उजव्या बाजूला काहीतरी आहे, एवढंच त्यात दिसलं. ते काय आहे हे बघायला एमआरआय करावा लागेल, असं सांगून मास्तरांना एका अरुंद नळीत सरकवलं. शिरेतून एक औषध सोडलं. ते गाठीत साचतं आणि फोटोत गाठ उजळून निघते. आतून ठोकाठोकी चालल्यासारखे आवाज येत होते. ती बाहेर बसून ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी मेंदूच्या सर्जन आल्या. बारीक अंगाच्या, बसक्या आवाजाच्या बाई. त्यांनी मास्तरांना कागद-पेन्सिल दिली आणि घड्याळ काढायला सांगितलं. मास्तरांनी गोल झकास काढला, शेवटी हात शिंप्याचा. मग आकडे घातले. सगळे बाराच्या बारा आकडे उजव्या अर्ध्यात दाटीवाटीनं उभे होते आणि डावा अर्धा कोरा. मास्तरांनी कागद पुढे केला. मुद्रा अगदी प्रसन्न.

मास्तरीण पलंगाच्या पायथ्याशी होती. तिनं तो कागद पाहिला आणि तिच्या बोटानं पलंगाच्या दांडीवर आपसूक दोन ठोके दिले. मास्तरांनी लगेच कागद मागे घेतला आणि आता काय चुकलं म्हणून शोधायला लागले.

"बाई, हे काय?" सर्जनबाई म्हणाल्या. "खुणा करू नका. त्यांना काय दिसतं ते मला बघायचंय. तुम्हाला काय दिसतं ते नाही."

बाहेर पडल्यावर तिनं सर्जनबाईंना सगळं सांगून टाकलं. बाह्या, ताट, दाराची गादी, कोपऱ्यावरच्या डॉक्टरांची दोन बोटं. सांगताना तिनं अंगुस्तान काढलं आणि नुसतंच मुठीत धरून ठेवलं. मग विचारलं, "तेव्हाच कळलं असतं तर?"

खोटं बोलायची सवय नसलेली माणसं अशा वेळी फार त्रास देतात. "मेंदूची उजवी बाजू आपल्या डाव्या अंगाकडे लक्ष ठेवते," सर्जनबाई म्हणाल्या. "गाठ तिथे आहे. त्यांना डोळ्यांनी दिसतं, पण डावी बाजू असते हेच त्यांच्या मेंदूच्या ध्यानात राहत नाही. तेव्हा कळलं असतं तर गाठ लहान असती. ऑपरेशन सोपं गेलं असतं, डाव्या हाताचा जोर कदाचित वाचला असता. पण फोटोवरून मला जी जात वाटतेय ती तीच असेल, तर शेवट फारसा बदलला नसता. तुकडा तपासल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही."

शितावरून भाताची परीक्षा म्हणतात तशी ही परीक्षा. कवटी उघडली, जेवढी गाठ धोका न पत्करता निघेल तेवढी काढली आणि तिचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली गेले. रिपोर्ट यायला वेळ लागला. तेवढ्यात मास्तर उठून बसायला लागले, डोक्याला टाके, चेहरा सुजलेला. टाके कसे घातलेत ते त्यांनी आरशात बघून घेतलं आणि "हात बरा आहे" असा शेरा दिला. लेक परगावाहून आली होती, ती हसली. त्या आठवड्यात तिघंही पुष्कळ हसले.

रिपोर्ट आला तो कर्करोगाचा, चौथ्या प्रतीचा. शाळेत पहिली येते ती हुशार, इथे सगळं उलटं, चौथी सगळ्यांत वाईट. नाव लांबलचक होतं, ग्लिओब्लास्टोमा. मास्तरीण ते म्हणायला शिकली, कारण ज्यानं घर बुडवायचं त्याचं नाव तरी नीट घेता यावं.

"सगळी काढली ना पण तुम्ही?" लेकीनं विचारलं.

"दिसत होती ती काढली," सर्जनबाई म्हणाल्या. मग मास्तरणीकडे वळल्या. "कापडावर तेलाचा डाग पडला तर तुम्ही काय करता?"

"धुतो. नाही गेला तर तेवढं कापून जोड देतो."

"आणि तेल धाग्याधाग्यानं पुढे गेलेलं असेल तर? वरून कापड कोरं दिसतं आणि आतून पसरलेलं असतं. ही गाठ तशी आहे. तिला किनार नाही. मेंदूला जोडही देता येत नाही. उरलंय ते जाळायला किरणं देऊ आणि सोबत गोळ्या. त्यानं ती थांबेल. किती थांबेल ते मला माहीत नाही. पण जाणार नाही."

किरणांसाठी मास्तरांच्या चेहऱ्याच्या मापाचा जाळीचा मुखवटा केला. मऊ जाळी गरम करून तोंडावर दाबली आणि थंड झाली की कडक. तो घालून टेबलाला जखडायचे, म्हणजे डोकं केसभरही हलू नये. "माप चांगलं घेतलंय," मास्तर पहिल्या दिवशी म्हणाले. पुढे पुढे मुखवटा दिसला की ते डोळे मिटून घ्यायचे. गोळ्यांनी ओकाऱ्या यायच्या. सूज उतरवायच्या औषधानं भूक सुटायची आणि स्वभाव चिडका व्हायचा. डाव्या हातात जोर राहिला नव्हता. एका सकाळी त्यांनी उजव्या हातानं आपला डावा हात उचलला आणि तिला म्हणाले, "अगं, हा कुणाचा हात ठेवलाय माझ्या अंथरुणात? न्यावा म्हणावं ज्याचा त्यानं."

"तुमचाच आहे."

"माझा? माझा असता तर कामाला नसता आला?" मास्तर म्हणाले. ती हसली आणि संडासात जाऊन रडली.

व्यायाम शिकवणाऱ्या मुलीनं मास्तरणीला सांगून ठेवलं होतं, कायम त्यांच्या डाव्या बाजूला बसा, तिकडून हाक मारा, तिकडून घास द्या, म्हणजे मेंदूला त्या बाजूची आठवण राहील. झालं. ती डाव्या बाजूला जी बसली ती बसलीच. हाक मारली की मास्तर आधी उजवीकडे बघायचे, तिथे कुणी नाही म्हणून गोंधळायचे, आणि खूप वेळा हाका मारल्यावर कधीतरी मान वळवायचे. वळवली की तिला वाटायचं, जिंकलो. सुतावरून स्वर्ग गाठायची कला तिला पोटापुरती येत होतीच.

मग तपासणीचा पुढचा एमआरआय झाला आणि गाठ परत आलेली दिसली. होती तिथेच, आणि शेजारीही. मास्तरांना रुग्णालयात ठेवून घेतलं. सर्जनबाईंनी दोन्ही वाटा सांगितल्या. पुन्हा डोकं उघडता येईल. त्यानं काही महिने मिळतील, कदाचित. पण डावा पाय जाण्याची भीती मोठी, बोलणं-समजणंही मंदावेल. नाहीतर उघडायचं नाही. सूज कमी ठेवायची, दुखू द्यायचं नाही आणि घरी न्यायचं.

"करायचं," मास्तरीण त्याच क्षणी म्हणाली. लेक फोनवरून म्हणाली, करायचंच. मास्तरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं." फोन कानाला लावून लेकीलाही म्हणाले, "करू की." ऑपरेशनची तारीख ठरायची बाकी होती.

त्या दुपारी ती डावीकडच्या खुर्चीत खिडकीशी बसली होती. मास्तरांच्या सदऱ्याची उसवलेली कड शिवत होती. खूप वेळ कुणी बोललेलं नव्हतं. सर्जनबाई आल्या आणि मास्तरांच्या उजव्या हाताला उभ्या राहिल्या.

"मला तुमच्या तोंडून ऐकायचंय," त्या म्हणाल्या. "घरच्यांचं मी ऐकलं. तुम्हाला स्वतःला काय वाटतं?"

मास्तरांनी उजवीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. मग आवाज खाली आणला. "ती गेलेली दिसतेय कुठेतरी. ती नाहीय तोवर सांगतो."

सर्जनबाईंची नजर खुर्चीकडे गेली. त्या काही बोलणार, तेवढ्यात मास्तरणीनं मान हलवली आणि बोट ओठांवर ठेवलं. हातातली सुई तशीच राहिली.

"मला नको पुन्हा," मास्तर म्हणाले. "ते डोकं उघडणं, ती जाळी, त्या ओकाऱ्या. आभाळ फाटल्यावर ठिगळ कुठे कुठे लावणार? थकलो मी. पण हे तिला सांगू नका."

"त्यांना सांगायला हवं, मास्तर."

"नाही. ती म्हणाली तर करीन मी. तिनं जन्मात कधी कापड टाकून दिलं नाही हो. मी कितीही बिघडवलेलं असू दे, उसवून, जोडून उभं करायची. मग मला कशी टाकेल? आणि तिला वाटतं, हे सगळं तिच्यामुळे झालं."

"त्या मला बोलल्या आहेत तसं."

"तिला वाटतं, मला माहीतच नव्हतं." मास्तर थांबले. दम लागला होता. "टेबलावर कोट पालथा असतो. तेव्हा डावी बाही माझ्या डावीकडे. ती नसेल दिसत मला, तुम्ही म्हणता तसं. पण कोट सुलटा करून टांगला की तीच बाही उजव्या हाताला येते. तिथे मला दिसायची. एका बाहीची दुमड मशिनची, आणि दुसरीची हातशिलाई. मी तिचा टाका ओळखतो. सगळ्या कोटांवर होता. मला कळायचं, आपलं काहीतरी बिनसलंय. पण बोललो नाही. दुकान बंद करायला लावेल, अशी भीती वाटली."

खिडकीशी काही हललं नाही.

"आणि त्या डॉक्टरांकडे तिनं टकटक केली. डॉक्टरांचं दुसरं बोट मी पाहिलं नव्हतं. टकटक ऐकून 'दोन्ही' म्हणालो. म्हणालो मी ना? खोटं मी बोललो. तिनं फक्त टकटक केली." त्यांनी डोळे पुसले, उजवा डोळाच पुसला. "हे तिला सांगायला पाहिजे होतं. सांगितलं तर तिला कळणार, मी मुद्दाम गप्प बसलो. आता ती जे म्हणेल ते करायचं. तेवढं तरी."

सर्जनबाईंनी त्यांचा उजवा हात जरा वेळ धरला. मग त्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.

मास्तरणीला त्या वेळी एवढंच कळत होतं की तिला मोठ्यानं रडायचंय आणि ते करता येणार नाही. एवढी वर्षं ती समजत होती की मूठ तिची एकटीची आहे, आणि त्या मुठीत दुसरा हात पहिल्यापासून होता. दोघांनी मिळून, एकमेकांना न दुखवण्यासाठी, एका गाठीला हवा तेवढा वेळ दिला होता. हे आता कुणापाशी उसवायचं? तिनं सदरा खाली ठेवला, मास्तरांचे डोळे मिटलेले बघून चपला हातात घेतल्या, पलंगाला वळसा घातला आणि दारापाशी जाऊन त्या पायात घालून मुद्दाम वाजवत परत आली.

"आलीस? कुठे होतीस?" मास्तर म्हणाले. चेहरा लगेच हसरा केला, अर्ध्या चेहऱ्याला जमला तेवढा.

"चहा प्यायला गेले होते."

"या विचारतायत. मी म्हटलं, करू की. उशीर कशाला?"

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग सर्जनबाईंकडे वळली. "नको," ती म्हणाली. "मला नाही झेपायचं आता. रात्रंदिवस इथे बसून कंबर मोडली माझी. माझ्याच्यानं होत नाही. घरी जाऊ आम्ही."

"अगं, पण तूच तर..."

"म्हणाले होते. आता नाही म्हणते. तुमची हरकत आहे?"

"नाही गं," मास्तर म्हणाले. त्यांनी उशीवर मान टेकली. किती तरी दिवसांनी त्यांचे खांदे सैल पडलेले तिनं पाहिले. "तू म्हणतेस तर जाऊ."

घरी आल्यावर दुकानातलं बेतायचं टेबल हलवून त्या जागी पलंग टाकला. दुकानाचा पुढचा दरवाजा आता बंदच असायचा. मास्तर झोपायचे, थोडं खायचे, पुन्हा झोपायचे. दुखत नव्हतं, सर्जनबाईंनी तेवढा शब्द पाळला होता. लेक आली ती बॅग खाली ठेवायच्या आत भांडायलाच आली. तिचंही चुकत नव्हतं, बाप तिचाही होता.

"बाबांना करायचं होतं," ती म्हणाली. "मला फोनवर म्हणाले होते, करू की. नको कुणी म्हटलं?"

"मी."

"का?"

"मला झेपत नव्हतं."

"तुला झेपत नव्हतं." लेक पलंगाच्या उजवीकडच्या खुर्चीत बसली. "जन्मभर त्यांच्या चुका निस्तरल्यास. गिऱ्हाइकांसमोर किती खोटं बोललीस त्यांच्यासाठी. आणि खरी वेळ आली तेव्हा कंबर दुखते म्हणून हात वर केलेस. त्यांनी तुला असं केलं असतं का, आई?"

"माझ्याकडून झालं ते," मास्तरीण म्हणाली. "त्यांचं काही नाही."

लेक उठली आणि आत निघून गेली. आतून तिचं रडणं ऐकू येत होतं. मास्तरीण उठली नाही. ती नेहमीसारखी डावीकडे बसली होती आणि मास्तरांच्या डाव्या हाताला तेल लावत होती, बोट न बोट, व्यायामवाल्या मुलीनं दाखवलं होतं तसं. हात गरम होता, जड होता. जन्मभर कापड दाबून धरून पडलेला घट्टा अजून अंगठ्यावर होता.

मास्तर झोपले आहेत असं तिला वाटत होतं. पण त्यांनी डोळे उघडले आणि मान उजवीकडे वळवली. तिथे रिकामी खुर्ची होती, लेक बसून उठलेली.

"तुझ्यावर घेतलंस," ते खुर्चीला म्हणाले. शब्द एकमेकांत अडकत होते. "ऐकलं मी सगळं. टाका ओळखतो गं मी."

"अहो," ती म्हणाली. "मी इकडे आहे."

आवाज ऐकून त्यांनी मान आणखी उजवीकडे नेली. तिनं अंगुस्तान पलंगाच्या कडेवर वाजवलं. टक टक. मास्तरांच्या कपाळाला आठी पडली. काहीतरी चुकलंय एवढं त्यांना कळलं, काय ते कळेना. त्यांचा उजवा हात पांघरुणावरून पुढे झाला आणि रिकाम्या खुर्चीच्या दिशेनं तिला चाचपायला लागला.

तिच्या दोन्ही हातांत त्यांचा डावा हात होता. तिनं तो दाबला, छातीशी धरला, पुन्हा दाबला.

"कुठे गेलीस?" मास्तर म्हणाले.